एकतीस कुंड्यांतली काळी माती

अनया आणि निहाल,

ऑफिसच्या पायऱ्यांसमोर एकतीस कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. कुंड्यांना ताजा गेरू, कडेला चुन्याची पांढरी रेघ. प्रत्येक कुंडीत काळी, तुकतुकीत माती आणि त्या मातीत मानेपर्यंत पुरलेलं एकेक रोप. त्यातलं एकही रोप मातीत असायला नको होतं.

हे आत्ताच का लिहिते आहे, ते आधी सांगते. गेल्या आठवड्यात मी अशाच एका रोपाचे दोन भाग करत होते. सुरी घसरून नको तिथे लागली आणि एक चांगलं मूळ गेलं. पूर्वी असं होत नसे. म्हणून ठरवलं, जे हाताला येतं ते आता कागदावर उतरवायचं. शिवाय हा घोळ झाला तेव्हा मी पुण्यात तुमच्या आईजवळ होते. अनया, तुझा जन्म व्हायचा होता म्हणून. त्यामुळे ही गोष्ट थोडी तुझीही आहे.

त्या रोपाचं नाव रास्ना. आपल्या रानातलं ऑर्किड. दुकानात मिळणारं गुळगुळीत, मोठ्या पाकळ्यांचं ऑर्किड तुम्ही पाहिलं असेल. रास्ना तशी नाही. तिची पानं जाड, अरुंद, पन्हळीसारखी दुमडलेली. फूल दोन बोटांएवढं. पाकळ्या पिवळसर, त्यावर तपकिरी रेघांची जाळी, आणि मधली पाकळी निळी-जांभळी. वास मंद. ती जमिनीत उगवत नाही. आंब्याच्या, बाभळीच्या, कडुलिंबाच्या फांदीला मुळांनी धरून राहते. लोक तिला बांडगूळ समजतात. कानडीत तर दोन्हींना मिळून 'बदनिके' म्हणून मोकळे होतात. पण बांडगूळ झाडाचा रस पितं. रास्ना झाडाचं काहीच घेत नाही. तिला फक्त बसायला जागा हवी असते. पाणी ती पावसातून आणि दवातून घेते.

मी तेव्हा सीमेवरच्या कानडी मुलखात, तालुक्याच्या रोपवाटिकेत अधिकारी होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. औराद भागात एक रस्ता रुंद व्हायचा होता आणि त्यात एक जुनी आमराई जाणार होती. पाहणीला गेले तर सहा झाडांवर रास्ना. इतकी रास्ना एका ठिकाणी मी नोकरीभर पाहिली नव्हती. झाडं तोडण्याचा परवाना कंत्राटदाराकडे होता. रोपं काढण्याचा वेगळा परवाना लागतो, तो मी धावपळ करून मिळवला. रानातली रास्ना अशी उगाच काढायची नसते, हे लक्षात ठेवा. झाडच पडणार असेल तरच.

झाडं पडायला लागली तशी आम्ही रोपं सोडवत गेलो. सालीला चिकटलेली मुळं ओढली तर तुटतात, म्हणून सालीच्या ढलप्यासकट काढायची. माझ्याबरोबर रोपवाटिकेचे माळी हणमंतप्पा होते. पन्नाशीचे, औरादचेच. काम चोख, बोलणं भरपूर.

तिथे मेंढरं घेऊन एक म्हातारी उभी होती. सोनाबाई. जवळच्या धनगरवस्तीवरच्या. बराच वेळ बघून त्या पुढे आल्या.

"त्यातलं एक मला दे की गं बाई. माझ्या बाभळीला बांधते."

"मावशी, हे सरकारी आहे. यादीत नोंद झाली."

"माझे गुडघे दुखत्यात. मेंढरू लंगडलं की ह्याचाच पाला वाटून लावतो आम्ही. सरकारला गुडघे हैत व्हय?"

हणमंतप्पा हसले. मी हसले नाही. एकतीस रोपं लिहिली होती आणि एकतीसच पोचवायची, एवढंच डोक्यात होतं. सोनाबाईंना रिकाम्या हाताने परत पाठवलं.

रोपवाटिकेत आल्यावर आम्ही जाळीच्या सावलीत बांबूच्या चौकटी उभ्या केल्या आणि रोपं त्यांवर लटकवली. मुळं मोकळी, हवेत. दोनच दिवसांत तुमच्या आईचा फोन आला. डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली होती. मी तीन आठवड्यांची रजा टाकली. जाण्याआधी सूचनांचा एक कागद टाइप केला. अकरा मुद्दे. पाचवा मुद्दा ठळक अक्षरांत: माती वापरू नये. कागद प्लास्टिकमध्ये घालून चौकटीच्या खांबाला बांधला. बस पकडता पकडता हणमंतप्पांना एवढंच म्हणाले, "रोपं नीट सांभाळा. कागदावर सगळं लिहिलंय."

कागद इंग्रजीत होता.

मी शाळेपासून इंग्रजीत शिकले. माझ्या वडिलांनी त्यासाठी फार कष्ट घेतले आणि त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण त्या शिक्षणाने एक सवय लागली. महत्त्वाचं काही लिहायचं झालं की हात आपोआप इंग्रजीकडे वळे. हणमंतप्पा सातवीपर्यंत कानडी शाळेत गेले होते. घरी मराठी बोलत, बाजारात दखनी उर्दू. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आणि पंधरा वर्षं बरोबर काम करून हे मला माहीत होतं.

तर मी तान्ह्या अनयाला सोडून परत आले, आणि समोर त्या एकतीस कुंड्या.

"बघा की मॅडम!" हणमंतप्पांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "एकतीसच्या एकतीस. एक मरू दिलो न्हाई."

"माती कुणी घातली?"

"मीच. आपल्या इथली माती म्हंजे विटाचा चुरा. त्यात काय जगतंय? औरादहून आणलो, माझ्या रानातली. तीन पोती. एस्टीच्या टपावर घालून. कंडक्टर म्हणला, अप्पा, माती कामून नेयलाव, तिकडं माती न्हाई का? मी म्हणलो, तिकडं हाय ती माती न्हाई."

तुम्हाला सांगायला हवं, रोपवाटिका चिटगुप्प्याकडच्या लाल मुरमाड जमिनीवर होती. औरादकडची जमीन काळी, कापसाची. काळ्या जमिनीवर वाढलेल्या माणसाला लाल जमीन म्हणजे गरिबी वाटते. हणमंतप्पा कोणाला काही द्यायचं तर आपल्या रानातलं देत. तुरीची डाळ, हरभरा. या वेळी त्यांनी माती दिली होती.

"पण मुळं मोकळी ठेवायची होती, हणमंतप्पा."

"उघडी पडलती मॅडम. पांढरी फटक. मला बघवंना. लेकरू उघडं पडलं तर माणूस पांघरूण घालतंय का न्हाई? वरनं लेंडीखत बी दिलो. रोज पाणी."

"आणि कागद?"

"जपून ठेवलोय की. रोज पुसलो."

खरंच पुसला होता. प्लास्टिकवर धुळीचा कण नव्हता.

मी एक रोप उपसलं. रास्नेच्या मुळावर एक जाड, पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस पडला की ते पाणी पिऊन हिरवं होतं, वाळलं की पुन्हा चंदेरी पांढरं. याच आवरणातून तिला हवाही लागते. काळी माती ओली झाली की चिकट होते, हवा आत जाऊ देत नाही. माझ्या हातात मूळ आलं ते तपकिरी, आणि दाबलं तर आवरण सालीसारखं सुटून आलं. आतली फक्त दोरी राहिली. मूळ कुजलं की असंच होतं.

हणमंतप्पांनी ते मूळ माझ्या हातातून घेतलं आणि दोन बोटांत पुन्हा दाबून पाहिलं.

आमचे साहेब बाहेर आले. मैसूरकडचे, मनाने चांगले, पण खात्याच्या प्रदर्शनाची तारीख जवळ आलेली.

"मॅडम, व्हेरी नाइस. यातल्या वीस कुंड्या स्टेजजवळ ठेवू."

"सर, ही मरायला लागली आहेत."

"हिरवी तर दिसतायत."

"पानं उशिरा सांगतात. मुळं आधीच सांगतात."

"किती वाचतील?"

"माहीत नाही."

"मग रिपोर्टमध्ये मी काय लिहू? परवाना आपल्या नावावर आहे. आमराई तर गेली."

हीच खरी गोष्ट होती. रोपं परत ठेवायला झाड उरलं नव्हतं. ही मेली तर त्या भागातली ती रास्ना संपली, आणि ती माझ्या सहीने संपली असती.

"माझी चूक लिहा, सर," मी म्हणाले. "सूचना मी नीट दिल्या नव्हत्या."

हणमंतप्पा मध्येच बोलले, "न्हाई साहेब, मातीचं डोकं माझं."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "रिपोर्ट पावसाळ्यानंतर लिहू. आधी रोपं बघा."

सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या. सात रोपं गाभ्यापर्यंत कुजली होती. गाभा म्हणजे पानं जिथून फुटतात ती मधली जागा. ती गेली की रोप गेलं. उरली चोवीस. पुस्तकात उपाय होते: बुरशीनाशक, मुळांभोवती गुंडाळायला बंगळूरहून मागवायचं शेवाळ, हवा खेळती ठेवणारी खोली. शेवाळ यायला दोन आठवडे लागणार होते. आभाळ भरून आलेलं. बुरशीनाशक दिलं, तरी दुसऱ्या दिवशी आणखी दोन रोपांची मुळं मऊ लागली.

"मॅडम," हणमंतप्पा म्हणाले, "ती मेंढरंवाली म्हातारी बाभळीला बांधते म्हणली होती. म्हंजे तिला बांधायचं ठावं हाय."

मला हे सुचलं नव्हतं. खरं म्हणजे सुचलं असतं तरी जायची लाज वाटली असती. साहेबांकडे जीप मागितली. त्यांनी चावी दिली आणि एवढंच म्हणाले, "पाचच्या आत."

सोनाबाई वस्तीवर लोकर पिंजत बसल्या होत्या. टोपल्या बघून त्यांनी हात थांबवला.

"तवा एक मागितलं तर दिली न्हाईस. आता टोपल्या भरून आणलीस. सरकारचे गुडघे बरे झाले का?"

"मावशी, चुकलं माझं. ही वाचत असतील तर सांगा."

"बस. पाणी पी आधी." मग एक रोप उचलून मुळं बघितली. "हे कुणी पुरलं?"

"मी," हणमंतप्पा म्हणाले.

"मढं पुरत्यात रे. जित्तं न्हाई पुरत."

बोलल्या एवढंच. मग कामाला लागल्या, आणि आम्हाला लावलं. मी जे पाहिलं ते तुमच्यासाठी जसंच्या तसं लिहिते, कारण आजही मी तसंच करते.

आधी सगळी माती धुवून काढली. विळा चुलीत तापवून घेतला आणि मऊ झालेलं प्रत्येक मूळ जिवंत भागापर्यंत छाटलं. कापल्या जागी चाळलेली राख दाबली. मग रोपं उलटी, शेंडा खाली करून, कडुलिंबाच्या सावलीतल्या दोरीवर टांगली, वर पत्रा होता. उलटी यासाठी की गाभ्यात पाणी साचू नये.

"पाणी कधी घालायचं?" मी विचारलं.

"घालायचंच न्हाई. आठ दिवस. तहानू दे. तहानलं की नवं मूळ सुटतंय."

"आठ दिवस? मावशी, ही आधीच अर्धमेली आहेत."

"तुझ्या ह्या माळ्यानं पाजून पाजून मारायलं. आता मी उपाशी ठेवून बघते. तू ऑफिसात जा."

मी गेले. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईने चोवीस रोपं पाण्यावाचून दोरीला टांगून ठेवली होती, तीही एका म्हातारीच्या शब्दावर. हणमंतप्पा मात्र रोज सकाळी एस्टीने वस्तीवर जाऊन येत. येऊन सांगत, "पानं सुकायलीत मॅडम." दुसऱ्या दिवशी, "लई सुकायलीत." सहाव्या दिवशी ते पायऱ्यांवरूनच ओरडले, "मॅडम, हिरवं टोक आलंय! मोहरीएवढं!"

नव्या मुळाचं टोक हिरवं असतं. ते दिसलं म्हणजे रोपाने जगायचं ठरवलं.

आठव्या दिवशी मोजली. आणखी पाच गेली होती. एकोणीस उरली.

आता बांधायचं. मी नायलॉनची दोरी नेली होती. सोनाबाईंनी ती हातात घेऊन बाजूला टाकली आणि जुनी, विरलेली घोंगडी आणली. तिच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडल्या. रोपाचा बुडखा फांदीला टेकवून तेवढाच भाग पट्टीने आवळला. मुळं एकही झाकली नाहीत.

"घोंगडीच का?" मी विचारलं.

"दोरी कापती. लुगड्याची चिंधी सडती लवकर. घोंगडी दोन पावसाळं निघती. तवर हे झाडाला धरतंय. मग घोंगडीचं काय काम? गळून पडती."

मी नंतर यावर बराच विचार केला. मेंढीची जाडीभरडी लोकर थोडं पाणी धरते पण चिंब राहत नाही. हवा जाते. आणि रोपाला जेवढा वेळ आधार लागतो, तेवढाच वेळ ती टिकते. बंगळूरच्या शेवाळाला आमच्या कोरड्या उन्हाळ्यात यातलं काही जमलं नसतं. धनगर माणसं वादळात फांदी मोडली की त्यावरची रास्ना अशीच दुसऱ्या झाडाला बांधत आली होती. मेंढी लंगडली तर औषध जवळ हवं.

मी सोनाबाईंना म्हटलं, "मावशी, यातलं एक तुमचं."

"एक?"

"दोन घ्या."

त्यांनी चार घेतली. चारही मला हवी होती ती, जोमदार. मी यादीत लिहिलं, वस्तीवर चार, निगराणीसाठी. साहेबांनी काही न विचारता सही केली.

पंधरा रोपं रोपवाटिकेत आली. नऊ आंब्याला आणि कडुलिंबाला बांधली, फांदीच्या बेचक्यात, सकाळचं ऊन लागेल अशा बाजूला. सहा मी माझ्या खिडकीसमोरच्या पेरूला बांधली. नजरेसमोर राहावीत म्हणून. पेरू दरवर्षी साल टाकतो, हे मी शेतकऱ्यांना शिकवत आले होते. पुढच्या हिवाळ्यात सालीबरोबर सहाही रोपं सुटून पडली, मुळांना धरायला काही उरलं नाही आणि ती गेली. ती माझी दुसरी चूक. त्यात हणमंतप्पांचा काही संबंध नव्हता, आणि ते तसं बोललेही नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "मॅडम, पेरूच्या झाडाला पेरूच बरे."

तेव्हा तुम्ही कधी रास्ना लावलीत तर खरखरीत सालीचं झाड बघा. भर पावसाळ्यात पाणी घालू नका. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा सकाळी मुळांवर शिंपडा. मुळं पांढरी दिसली तर पाणी, हिरवी असतील तर हात मागे. खत म्हणजे शेणाचं अगदी पातळ, गाळलेलं पाणी, तेही पावसाळ्यात एक-दोन वेळा. बियांच्या मागे लागू नका. रास्नेचं बी धुळीसारखं असतं, आणि विशिष्ट बुरशीची सोबत मिळाल्याशिवाय रुजत नाही. बाजूला नवा फुटवा आला आणि त्याला स्वतःची तीन मुळं सुटली की मगच तो कापून वेगळा करा. फुलाची घाई करू नका.

आमचं पहिलं फूल दुसऱ्या उन्हाळ्यात आलं. रोपवाटिकेत नाही, सोनाबाईंच्या बाभळीवर. हणमंतप्पा बातमी घेऊन आले, आणि त्या दिवशी मी माझ्या निवृत्तीच्या कागदांवर सह्या करत होते. सगळं बाजूला ठेवून गेले. सोनाबाई बाभळीखाली उभ्या होत्या. काट्यांमुळे माकडं सहसा चढत नाहीत, म्हणून त्यांनी बाभूळ निवडली होती, हे त्या दिवशी मला कळलं.

"बघ तुझं सरकारी फूल," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "चहा टाकू का? दूध मेंढीचं हाय."

साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, रोपं योग्य झाडांवर स्थलांतरित, काही हानी. माझी चूक लिहिली नाही, हणमंतप्पांचीही नाही. बदली होऊन गेले तेव्हा मी त्यांना चांगला निरोप दिला, पण या गोष्टीबद्दल आभार मानायचे राहिले. ते इथे मानते. हणमंतप्पांचे तर किती मानावेत. त्यांनी रोपं मारली असं कोणी म्हणेल. मी म्हणते, सोनाबाईंची आठवण त्यांनाच झाली.

या प्रकरणातून मी शिकले ते एवढंच: सूचना लिहिणाऱ्याच्या भाषेत नव्हे, ती पाळणाऱ्याच्या भाषेत लिहावी. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षात रोपवाटिकेतले सगळे फलक मी कानडी आणि मराठीत करून घेतले. इंग्रजी फलक एकच ठेवला, पाहुण्यांसाठी. तो कोणी वाचताना मी पाहिला नाही.

सोनामावशी चार वर्षांपूर्वी गेल्या. वस्तीवरची रोपं त्यांची सून बघते. रोपवाटिकेतली एक फांदी तिच्यावरच्या रोपासकट वादळात गेली, एक रोप माकडांनी ओरबाडलं. आज, हे लिहिताना, मूळच्या एकतिसांपैकी अकरा जिवंत आहेत. सात रोपवाटिकेत, आंब्यावर आणि कडुलिंबावर. चार बाभळीवर.